बेटांच्या वाट्याचे पाणी

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला आणि तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या ऑरिक नगरीला जे पाणी मिळते, ते पैठणच्या नाथसागरातून येते. त्याच जलाशयात सुमारे तीस लहान, निर्मनुष्य बेटे आहेत. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. गोदाकाठची गावे व शिवारे पाण्याखाली गेली आणि जे उंचवटे वर उरले, तीच ही बेटे. १९८६ मध्ये शासनाने या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. परंतु बेटांचे खरे रक्षण शासनाचा आदेश करीत नाही, ते भोवतालचे पाणी करते, याचा विसर सर्वांनाच पडलेला दिसतो.

नदीसुरय हा पक्षी घरटे बांधीत नाही. फाल्गुन-चैत्रात तो उघड्या भुईवर अंडी घालतो, आणि कुत्री, कोल्हे, गुरे यांना पोहोचता येणार नाही अशीच जागा त्यासाठी निवडतो. नेमक्या याच दिवसांत जलाशय झपाट्याने आटतो. बेटाला काठाशी जोडणारी चिंचोळी पट्टी उघडी पडली की बेट हे बेट राहत नाही, केवळ माळ होतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण धरणात ज्यांची शेते बुडाली त्यांना या ओल्या मातीचा मोह होणे स्वाभाविक नव्हे काय?

दोष आहे तो हिशेबाचा. जायकवाडीची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यांपैकी ७३८ मृतसाठा. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यालाच हात घालावा लागला. नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडावे, यासाठी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरची तारीख आणि ६५ टक्क्यांचा आकडा आहे. शहर, शेती, कारखाने यांचे वाटे ठरलेले आहेत. वैशाखातील पिलांचा वाटा कोणत्याच रकान्यात नाही.

कॅरिबियन समुद्रातील रेडोंडा या ओसाड बेटावरील शेळ्या व उंदीर हटवून अँटिग्वा व बार्बुडा या चिमुकल्या राष्ट्राने २०२३ मध्ये तेथे राखीव क्षेत्र घोषित केले. त्यात खडकाबरोबर भोवतालचा विस्तीर्ण समुद्रही घेतला. आपल्याकडे तर जलाशय कागदोपत्री आधीपासूनच अभयारण्यात आहे! तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळल्यानंतर त्याच पाण्यावर आणखी एक हक्क उभा राहू पाहत आहे.

मागणी फार मोठी नाही. कोणत्या पातळीला कोणते बेट काठाला जोडले जाते, याची मोजणी वन व जलसंपदा या दोन खात्यांनी एकत्र करावी. ज्या मोजक्या बेटांवर वीण होते, त्यांच्या पट्ट्यांवर मेअखेरपर्यंत नांगर व गुरे यांना मज्जाव असावा, आणि तेथे गाळपेर करणाऱ्यांना दुसरीकडे जमीन द्यावी. उन्हाळी आवर्तने ठरविणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत वनाधिकाऱ्याला बोलवावे. दुष्काळी वर्षी माणसाची तहान प्रथम, याविषयी वाद नाही. पण धरण भरलेल्या वर्षीदेखील बेटे उघडी पडू द्यायची, याला दुष्काळाची सबब चालणार नाही.