रेघ तीच, भाडं नवं

नगरकराला दोन गोष्टी कुणी कितीही शपथेवर सांगितल्या तरी पटत नाहीत. एक म्हणजे यंदा पाऊस वेळेवर येणार, आणि दुसरी म्हणजे घरातली चालू वस्तू काढून नवी घेतल्याने आपला फायदा होणार. पहिलीचं कारण भूगोलात आहे. सह्याद्री आमच्या वाट्याचा पाऊस पलीकडच्या पलीकडे उतरवून घेतो आणि आमच्याकडे नुसते रिकामे ढग पाठवतो. दुसरीचं कारण मात्र गेले तीन महिने मी शोधतो आहे. कारण माझ्यामागे सध्या एक शब्द लागला आहे. तो शब्द म्हणजे 'अपग्रेड'.

मी नकाशे काढतो. घरांचे, गोठ्यांचे, कांदाचाळींचे आणि एमआयडीसीतल्या लहानसहान कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांचे. धंद्याची सुरुवात टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि रॉट्रिंगच्या पेनांवर झाली. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ती दाढीच्या अर्ध्या पात्याने खरवडून काढायची, आणि खरवडताना कागद फाटला तर नशीब खरवडत बसायचं. अमोनिया प्रिंट काढून घरी गेलो की मी कुठून आलो हे सांगावं लागत नसे. मग संगणक आला आणि त्याच्याबरोबर नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर आलं. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव मी इथे घेणार नाही. नवऱ्याचं नाव घ्यायलाही आमच्याकडे उखाणा लागतो, आणि याच्याशी तर माझा रोज दहा तासांचा संसार आहे. एवढंच सांगतो, की सौभाग्यवतीच्या नावावरची ठेव मोडून मी ते २०१० साली रीतसर, पावती घेऊन, विकत घेतलं. त्याआधी काय वापरत होतो ते विचारू नका. गावात त्या काळी जे सगळे वापरत होते तेच वापरत होतो. म्हणूनच त्या पावतीचं मला एवढं कौतुक. ती मी घराच्या खरेदीखताशेजारी ठेवली आहे.

तर एके दिवशी विक्रेत्याचा माणूस आला. टाय लावलेला, घाम न आलेला. मे महिन्यात नगरला घाम न आलेला माणूस दिसला की खिसा सांभाळावा, असं माझं मत आहे.

"साहेब, तुमची आवृत्ती फार जुनी आहे," तो म्हणाला. डॉक्टर रक्तातल्या साखरेचा आकडा सांगतात, तो आवाज.

"पण चालते."

"चालते हो. पण सपोर्ट बंद झालाय."

"चालू कधी होता?"

हा प्रश्न त्याने ऐकला नाही. "नव्यात थ्री-डी जबरदस्त आहे. शिवाय सगळं क्लाउडवर!"

आता कांदाचाळीला तिसरी मिती घेऊन करायचंय काय? तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना वारा खेळायला फटी, वर पत्रा. समोरून आणि बाजूने दाखवली की सुताराला कळते. आणि क्लाउडचं म्हणाल, तर चाळीत कांदा भरलेला असताना आमच्या शेतकऱ्याला आकाशातला ढगसुद्धा बघवत नाही. त्याच्या नकाशात तो मी आपण होऊन कशाला आणू?

"बरं, विकत केवढ्याला?" मी विचारलं.

"विकत नाही मिळत आता, साहेब. वर्षाचं भाडं."

इथे मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

वाचकहो, माझं भांडण नव्याशी नाही. नव्याशी भांडण असतं तर मी अजून पात्याने रेघा खरवडत बसलो असतो. माझं भांडण या 'भाडं' शब्दाशी आहे. नकाशाच्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, म्हणजे ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने, २०१६ साली कायमचे नवे परवाने विकणं बंद केलं. तेव्हापासून तिच्याकडे भाडंच. पैसे भरा, वापरा. थांबलात की ते थांबलं. हे पाहून बाकीच्यांपैकीही बऱ्याच जणांना तीच वाट सोयीची वाटू लागली. उद्या टी-स्क्वेअर विकणारा दर पाडव्याला दारात उभा राहिला आणि म्हणाला, "यंदाचं भाडं द्या, नाहीतर लाकडाची धार काढून नेतो," तर आपण त्याला काय म्हणू? जे म्हणू ते इथे छापता येणार नाही. मग हाच माणूस टाय लावून आला की आपण त्याला "बसा" का म्हणतो?

आमच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं-कुलपं न लावण्याची त्या गावाची परंपरा तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच जिल्ह्यात बसून मी ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरतो त्या जातीच्या सॉफ्टवेअरला पूर्वी डोंगल नावाचं कुलूप असायचं. संगणकाच्या पाठीमागे ते खुपसल्याशिवाय रेघ उमटायची नाही. तेव्हा आम्ही त्याला शिव्या दिल्या. आता वाटतं, ते बिचारं सज्जन होतं. कुलूप त्यांचं असलं तरी किल्ली माझ्या टेबलावर असायची.

यावर कुणी म्हणेल, की माणसाने काळाबरोबर चालावं. चालावं ना! आमच्या नगरानेच किती चालून दाखवलंय. इथला भुईकोट किल्ला आधी मातीचा होता. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने तो दगडी करून घेतला. का, तर शेजारी बिघडले होते. १५९५ साली मोगल वेढा घालून बसले तेव्हा चांदबिबीला ती दगडी आवृत्ती कामाला आली. सुरुंगाने तट फुटला, तर बाईंनी उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. याला म्हणतात सपोर्ट!

आणि आवृत्तीचंच म्हणाल, तर १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे नकलून घेणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या. मग १५८४ साली एकनाथांनी ती शुद्ध करून दिली. सुमारे तीनशे वर्षांत एक आवृत्ती, तीही गरज पडली म्हणून, आणि मोबदला काय, तर काही नाही. नाथांची प्रत आली म्हणून कुणाच्या घरातली जुनी पोथी दुसऱ्या दिवशी उघडेनाशी झाली नाही. अपग्रेड कसं असावं हे आमच्या जिल्ह्याने आणि शेजारच्या पैठणाने दाखवून ठेवलं आहे. पण ते टायवाल्याच्या माहितीपत्रकात नसतं.

उलट दर वेळी पहिल्या पंक्तीला बसणाऱ्यांचं काय होतं, त्याचाही दाखला आहे. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं आणि त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. १९९२ ला बारावी आली, ती लोकांना फार आवडली. १९९४ ला तेरावी आली, आणि तिच्यात इतक्या खोड्या निघाल्या की जगभरचे पुष्कळ ड्राफ्ट्समन बारावीतच बसून राहिले, ते १९९७ ला चौदावी येईपर्यंत हलले नाहीत. आपल्याकडे विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की तेराव्याला जेवायला जावं, उत्साहाने नाही.

तरीपण खरी मेख वेगळीच आहे, आणि ती टायवाल्याला पक्की ठाऊक होती. ती म्हणजे फाइल. नकाशा ज्या रूपात साठवला जातो ते रूप हे लोक मधूनमधून बदलतात. ऑटोकॅडचंच सांगायचं तर २००० च्या आवृत्तीत बदललं, मग २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ च्या. नव्याला जुनं वाचता येतं, जुन्याला नवं वाचता येत नाही. आमच्या घरात हे उलटं आहे, पण ते असो. म्हणजे तुम्ही बदललं नाही तरी तुमचं गिऱ्हाईक बदलतं, त्याची फाइल तुमच्याकडे उघडत नाही, आणि तुम्ही निमूट पाकीट काढता. नवीन काही चांगलं मिळालं म्हणून नव्हे, तर आधी वाचता येत होतं ते वाचता येईना म्हणून. याला प्रगती म्हणत असाल तर आमच्या शेजाऱ्याने सामाईक बोळाला फाटक लावून मला चावी विकली होती, तीही प्रगतीच.

पण नव्या फाइली जुन्या रूपात उतरवून देणारी साधनं फुकट मिळतात. ऑटोडेस्कचंच ट्रूव्ह्यू नावाचं असं एक आहे. आमच्या चिरंजीवाने ते पुण्याहून फोनवर सांगितलं. टायवाल्याने सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाला, "हो, तसंही करतात काही जण." जणू मी रेल्वेत विनातिकीट प्रवासाची चौकशी केली होती.

माझ्या जुन्या आवृत्तीचा परवाच एक पराक्रम झाला. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एवढी जुनी नगरी, तिनेही नाव बदललं. पण घरपट्टीखेरीज वेगळं भाडं मागितलं नाही. माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत जुनं नाव होतं. ते जुन्याच आवृत्तीने 'शोधा आणि बदला' करून चहा निवायच्या आत बदलून दिलं. शहराची नवी आवृत्ती माझ्या जुन्या आवृत्तीला पेलली. यापुढे आणखी कसला पुरावा हवा?

हे सगळं मी सौभाग्यवतीला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती.

"अहो, पण मोबाईल तर तुम्ही तीन वर्षांत दोनदा बदललात."

"अगं, तो हातातून पडला होता."

"दोन्ही वेळेला नवीन मॉडेल आल्यावरच पडला," ती म्हणाली आणि खडा बाजूला काढला. या मुद्द्यावर मी उत्तर राखून ठेवलं आहे.

दुसरीकडून एका हितचिंतकाने आडवाट दाखवली. "काय राव, कशाला भाडं अन् बिडं? आपल्याकडं नवीनच आहे, फोडलेलं. पेन-ड्राइव्ह आणा." चहा पाजून मी त्यांना वाटेला लावलं. मोह झाला नाही असं नाही. पण खरेदीखताशेजारची ती पावती आठवली. चोरीचं वापरायचं आणि वर भाड्याच्या अन्यायाबद्दल बोलायचं, तर बोलणाऱ्याचं तोंड कुणाचं? जे म्हणतात 'वस्तू माझ्या मालकीची हवी', त्यांनी दुसऱ्याची मालकीही मानली पाहिजे. नाहीतर ते भांडण नव्हे, नुसती ओरड.

आता एवढ्यावर मी विजयी व्हायला हरकत नव्हती. पण आमच्या हापिसात एक पोरगा आहे. पाथर्डीकडचा, आयटीआय झालेला, हात सफाईदार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी दिवे मालवताना म्हणाला, "काका, एक विचारू का? रागावू नका. तुमचं ठीक आहे. मी उद्या चाकणला इंटरव्ह्यूला गेलो, अन् तिथं विचारलं कुठल्या व्हर्जनवर काम केलंय, तर काय सांगू?"

"एल दाबून एंटर मारला की रेघ येते, ती पूर्वीही येत होती आणि नव्यातही येते, असं सांग."

"ते मला माहितीय, काका. त्यांना माहिती पाहिजे ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भुईकोट, एकनाथ, तेरावी, सगळे दाखले माझ्या बाजूचे होते; पण माझ्या तत्त्वाचं भाडं तो पोरगा भरत होता. मी रागावून जुन्याला धरून बसलो, तर वीसेक वर्षांचं काम माझ्या गाठीशी आहे. त्याच्या गाठीशी काय? एसटीचा पास.

तेव्हा निकाल असा. माझ्या टेबलावर माझी जुनी, विकत घेतलेली, पावतीची आवृत्ती राहणार. जो संगणक तिला चालवतो तो ज्या दिवशी राम म्हणेल, त्या दिवशी पुढचं बघू. तोवर माझे सगळे नकाशे मी डीएक्सएफ रूपातही ठेवतो आहे. त्या रूपाची मांडणी ऑटोडेस्कने स्वतःच जाहीर केलेली आहे आणि ते दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतं. महत्त्वाचे नकाशे कागदावर काढून लोखंडी कपाटात ठेवले आहेत. कागद कुठल्याही आवृत्तीच्या डोळ्यांना वाचता येतो. फार तर चष्मा बदलावा लागतो, आणि तो अजून तरी विकत मिळतो. पोरग्याच्या टेबलावर मात्र नवी आवृत्ती आणली आहे, महिन्याच्या भाड्याने. तो शिकला की बंद. पैसे माझ्या खिशातून, आणि मनातल्या मनात शिव्या देत.

टायवाल्याला फोन केला तेव्हा तो खूष झाला. "बघा साहेब, शेवटी पटलं ना?"

"नाही पटलं," मी म्हटलं. "मुलाची फी भरतोय."

आणि ज्यांच्या हातात धोरणं असतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवी आवृत्ती खुशाल काढा, दर वर्षी काढा. चांगली निघाली तर आम्ही आपण होऊन रांग लावू. नगरकर पैशाला चिकट असला तरी आंधळा नाही. पण मी काढलेली रेघ मला उद्या उघडता आली पाहिजे, आणि त्यासाठी तुमच्या दारात यावं लागता कामा नये.

परवा पोरग्याने नव्या आवृत्तीत पहिलं काम केलं. मी मागे उभा राहून बघत होतो. पडद्यावर नवी चित्रं, नवे रंग, बटणांच्या चार नव्या ओळी. त्याने त्यांतल्या एकालाही हात लावला नाही. एल दाबला, एंटर मारला.

कांदाचाळच होती.