काल काय खाल्लं, आठवतंय?

गेल्या महिन्यात तुम्ही भेंडीची भाजी किती वेळा खाल्लीत? दर वेळी किती वाट्या? आणि ती किती तेलात केली होती? पहिल्या दोन प्रश्नांना आपण काहीतरी ठोकून देऊ. तिसऱ्याचं उत्तर मेसमध्ये जेवणारा देऊच शकत नाही. ‘भारतीयांच्या ताटात प्रोटीन कमी’ अशा ज्या हेडलाइन्स आपण कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतो, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा असेच प्रश्न आणि अशीच उत्तरं असतात.

२०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या जर्नलमध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासातली आहाराची माहिती आली. १८,०९० प्रौढांच्या उत्तरांवरून निष्कर्ष निघाला की आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटमधून येते आणि प्रोटीनचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. लगेच रील्स आल्या, पाठोपाठ प्रोटीन पावडरच्या जाहिरातीही. पण हे ६२ टक्के मोजले कसे, हे फारसं कुणी विचारलं नाही.

विचारायचं कसं?

माणूस काय खातो हे शोधायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, ‘चोवीस तासांची आठवण’. मुलाखत घेणारा काल सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंतचं सगळं विचारून घेतो. दुसरी, फूड फ्रिक्वेन्सी क्वेश्चनेअर, म्हणजे पदार्थांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे ‘रोज, आठवड्यातून, महिन्यातून, कधीच नाही’ असे पर्याय. तिसरी, खाण्याआधी प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ठेवून लिहून काढायची. तिसरी सगळ्यात नेमकी, पण खर्चिक आणि कटकटीची. शिवाय काटा समोर असला की माणूस वेगळंच जेवायला लागतो. म्हणून हजारो लोकांचे अभ्यास बहुतेक वेळा दुसऱ्या पद्धतीवर चालतात. इंडियाबनेही तीच वापरली.

पहिल्या पद्धतीत अडचण दिवसाची. श्रावणी सोमवारच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर साबुदाण्याची खिचडी, गटारीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर चित्रच वेगळं. दुसऱ्या पद्धतीत अडचण यादीची. अमेरिकेतल्या नर्सेसच्या प्रसिद्ध अभ्यासात १९८० साली ६१ पदार्थांची यादी वापरली होती. ती इथे काय कामाची? चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने शहरी दक्षिण भारतीयांसाठी यादी केली, ती २२२ पदार्थांची झाली. तरीही मिसळीसारखा पदार्थ कुठल्या रकान्यात टाकायचा? उसळ, फरसाण, तर्री, पाव, सगळंच त्यात आहे. आणि भाकरी कुणाच्या घरी तळहाताएवढी, कुणाच्या घरी तव्याएवढी. फॉर्मवर दोन्ही ‘एक’च.

शरीर खोटं बोलत नाही

लोक किती चुकीचं सांगतात, हे तपासायची एक भन्नाट युक्ती आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी माणसाला प्यायला देतात. पुढचे साधारण दोन आठवडे लघवीचे नमुने तपासले की शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. वजन स्थिर असेल, तर जेवढी ऊर्जा खर्च झाली तेवढीच पोटात गेली असणार. हा झाला खरा आकडा. आता तो फॉर्मवरच्या आकड्याशी ताडून बघायचा.

अमेरिकेतल्या ‘ओपन’ या अभ्यासात ४८४ प्रौढांवर हेच केलं गेलं. २००३ मध्ये निकाल आले. यादीवाल्या प्रश्नावलीत पुरुषांनी ३१ ते ३६ टक्के आणि स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा गायब! चोवीस तासांच्या आठवणीत ही तूट पुरुषांत १२ ते १४, स्त्रियांत १६ ते २० टक्के होती.

सगळ्यांनी सारखंच कमी सांगितलं असतं, तर गणिताने दुरुस्त करता आलं असतं. पण वजन जास्त असलेली माणसं जास्त प्रमाणात कमी सांगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. ज्यांच्या खाण्याचा आजाराशी संबंध शोधायचाय, त्यांचीच माहिती जास्त पुसट. खरी गोची ही आहे.

‘आम्ही नाही बाई असलं खात’

दर वेळी दोष आठवणीचाच नसतो. समोर वही घेऊन अनोळखी माणूस बसला की आपण थोडे शहाण्यासारखे वागतो. फळं वाढतात, वडापाव कमी होतात. आपल्याकडे त्यात जात आणि धर्मही येतात. बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सर्वेक्षणांचे आकडे तपासून मांडलं की सामाजिक आणि राजकीय दबावामुळे मांसाहार, विशेषतः बीफ, प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितला जात असावा. ताटातलं सांगणंच जिथे जोखमीचं वाटतं, तिथे फॉर्म कितीही चांगला असो, तो अर्धवटच भरला जाणार.

आणि ताट कुणाचं? सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात सगळ्या घराचा हिशोब असतो. घरात किती डाळ आली ते त्यातून कळतं, पण सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत किती उरली ते कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण माणसाला थेट विचारतं, पण फक्त ‘किती वेळा’. रोज एक अंडं खाणारा आणि रोज चार खाणारा तिथे एकाच रकान्यात बसतात.

मग सगळं फेकून द्यायचं?

अजिबात नाही. कोण जास्त खातं आणि कोण कमी, एवढा क्रम लावायला चांगली तपासून घेतलेली प्रश्नावली उपयोगी पडते. काही गोष्टी विचारण्यापेक्षा मोजता येतात. मीठ किती खाता, हे चोवीस तासांची लघवी तपासून बरंच नीट कळतं. त्यामुळे ‘सगळे सर्व्हे बोगस’ म्हणणं हाही आळशीपणाच.

आपण एवढं करू शकतो की पुढची हेडलाइन फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. माहिती कुठल्या पद्धतीने घेतली, ती पद्धत इथल्या लोकांवर तपासली होती का, आणि माहिती केव्हाची आहे. तिसरी गोष्ट हमखास सुटते. इंडियाबचं काम २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालं आणि महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात, २००८ ते २०१० दरम्यान होता. तेव्हा स्विगी नव्हती, रात्री दोनला दारात येणारी बिर्याणी नव्हती. आज पंचविशीच्या आत असलेल्या कुणाचं ताट त्यात असणं शक्यच नाही.

रेशनवर काय द्यायचं, कशावर कर लावायचा, कुठल्या पाकिटावर इशारा छापायचा, हे ठरवताना असेच आकडे पुढे केले जातात. घरोघरी जाऊन मापाचे कप दाखवत आहार मोजणारी एक यंत्रणा आपल्याकडे होती. १९७२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरो २०१५ मध्ये बंद झाला. विचारणं स्वस्त असतं, मोजणं महाग. पण न मोजता घेतलेल्या निर्णयाचं बिल शेवटी आपल्याच ताटात येतं.