हायड्रोजेलची खरी कसोटी

पाणी शोषून फुगणाऱ्या, तरीही पाण्यात न विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या जाळ्यास हायड्रोजेल म्हणतात. प्राग येथील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली वैद्यकीय उपयोगासाठी असे जेल सुचविले. डोळ्यांवर बसणारी मऊ भिंगे त्यातूनच निघाली. तापमान किंवा द्रावक किंचित बदलताच जेल एकाएकी आक्रसू शकते, हे तोयोइची तानाका यांनी १९७८ साली दाखविले. अशा जेलांना ‘बुद्धिमान’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

रक्तातील शर्करा वाढताच इन्सुलिन सोडणाऱ्या जेलचे उदाहरण घ्यावे. वेळीच दार उघडणे हे अर्धेच कार्य होय. शर्करा उतरताच ते मिटले नाही, तर ती घातक मर्यादेपर्यंत घसरून रोग्याच्या प्राणांवर बेतेल. जखमेत भरलेल्या जेलनेही नवे ऊतक वाढेल तसतसे विघटन पावून जागा मोकळी केली पाहिजे, आणि त्याचे अवशेष निरुपद्रवी असले पाहिजेत. सारांश, जेल कशाने जागे होते यापेक्षा ते वेळेवर थांबते काय आणि अपाय न करता नाहीसे होते काय, हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.