कागदावर न दिसणारा बोजा

माझ्या पुतण्याने गेल्या महिन्यात ९ वर्षे वापरलेली एक आलिशान एसयूव्ही घेण्याचे ठरविले. नवी असताना ५० लाखांच्या घरातील गाडी १५ लाखांत मिळते आहे, याचा त्याला कोण आनंद! कागदपत्रे मात्र त्याने माझ्यासमोर ठेवली. नोंदणी, विमा, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, सारे चोख होते. मी विचारले, "कंपनीने ही गाडी कधी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का?"

"तसे असते तर मालकाने सांगितले नसते का, काका?"

मालकाला ठाऊक असेलच असे नाही. रिकॉलचे पत्र कंपनीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर जाते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली, तरी पत्र जुन्याच दारी पोहोचू शकते. दोष मात्र गाडीबरोबरच नव्या घरी येतो.

टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण पाहावे. ती फुगविण्यासाठी वापरलेले अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडे. मग अपघाताच्या वेळी धातूचे कवचच फुटून त्याचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत त्यांत बीएमडब्ल्यू एक्स-५ सारख्या महागड्या एसयूव्हीही होत्या. २०१७ मध्ये टकाटा दिवाळखोरीत गेली. किंमत ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हेच खरे.

दुसरा हिशेब घसाऱ्याचा. गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांची नाही. एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या वयपरत्वे चिरतात, हवा गळते, कॉम्प्रेसरवर ताण येऊन तोही निकामी होतो. तेव्हा हाती पडणारे बिल १५ लाखांच्या गाडीचे नसते, ५० लाखांच्या गाडीचे असते.

वाचकहो, उपाय साधा आहे. नोंदणीपत्रावरील १७ अंकाक्षरांचा चासिस क्रमांक अधिकृत सेवा केंद्रात देऊन रिकॉलची दुरुस्ती बाकी आहे का, हे विचारावे. अशी दुरुस्ती सामान्यतः विनामूल्य असते. सर्व्हिसचा जुना तपशीलही मागून घ्यावा.

पुतण्याने चौकशी केली, तेव्हा एक सुरक्षा-दुरुस्ती बाकी असल्याचे निघाले. ती पूर्ण होऊन लेखी पावती हाती आल्यावरच त्याने पैसे दिले. जमीन घेताना आपण सात-बारा पाहतो. गाडीत तर आपली नातवंडे बसणार असतात.