चाळीस मिनिटांचं मिक्स



"डीजे" हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम झालाय. पुण्या-साताऱ्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत धडधड आणि दुसऱ्या दिवशी पेपरात डेसिबलचे आकडे. (नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. मिरवणुकीत ते वाचतं कोण!) इथे सिंगापुरात डीजे म्हटलं की तरुण मंडळींना 'झूक' आठवतो. १९९१ साली जियाक किम स्ट्रीटवर नदीकाठच्या जुन्या गोदामांत सुरू झालेला आणि २०१६ मध्ये क्लार्क कीला हललेला क्लब. मूळ अर्थ मात्र साधा आहे. तबकड्या वाजवणारा माणूस. एक गाणं संपायच्या आत दुसरं अशा बेताने आणायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये. म्हणजे कसब सगळं सांध्यात. आज त्या सांध्यांविषयीच लिहितोय.

निमित्त घरचंच. आम्ही पीआर, त्यामुळे आमच्या चिरंजीवांना अठराव्या वर्षी दोन वर्षांची नॅशनल सर्व्हिस आहे. ज्यांची मुलं टेकोंगच्या बोटीत बसून गेली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. जाण्यापूर्वी चार मराठी कुटुंबं आणि त्याचे शाळेतले मित्र यांना एकत्र बोलवायचं ठरलं. माझी आईही त्यासाठी साताऱ्याहून आली. आता आपल्याकडच्या कार्यक्रमांचा नेहमीचा अनुभव असा की भावगीत सुरू झालं की मुलं फोन घेऊन बाहेर, आणि डीजे सुरू झाला की आजी-आजोबा "डोकं दुखतं" म्हणून बाहेर. एकाच हॉलमध्ये पाळीपाळीने दोन कार्यक्रम होतात. चिरंजीव म्हणाले, "बाबा, चाळीस मिनिटांचा एकच मिक्स करतो. कोणीच बाहेर जाणार नाही. कॅन लाह!" मी अट घातली की आजी उठून जाता कामा नये. त्याने अट घातली की त्याचे मित्र कंटाळता कामा नयेत. लॅपटॉप त्याचा, आणि तबल्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा माझ्या, अशी भागीदारी झाली.

पहिला प्रश्न तालाचा. डीजेचं सगळं गणित मिनिटाला किती ठोके यावर चालतं. हाउस संगीत साधारण १२० ते १२८ वर असतं आणि ठोके चार-चारच्या गटात येतात. सॉफ्टवेअर धरूनच चालतं की जगातलं प्रत्येक गाणं चारात मोजता येतं. आपला केरवा आठ मात्रांचा, भजनी ठेकाही आठाचा, त्यामुळे अभंग आणि लावणी तिथे बिनबोभाट बसतात. घोडं अडतं ते दादऱ्यापाशी (सहा मात्रा), रूपकापाशी (सात) आणि झपतालापाशी (दहा). रूपकातलं भावगीत चारात कोंबायचं तर प्रत्येक आवर्तनात एक मात्रा घुसडावी लागते, आणि मग ते गाणं लंगडतं.

यावर तबलजीकडे जुनं उत्तर आहे. दोन्ही गाण्यांच्या मात्रेचा वेग एक करा, पण आवर्तनं आपापली चालू द्या. दादरा आणि चाराचा ठेका बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र समेवर येतात. झपताल विसाव्या मात्रेनंतर, रूपक अठ्ठाविसाव्या. मिनिटाला १२० मात्रा असतील तर अठ्ठावीस मात्रा म्हणजे बरोबर चौदा सेकंद. तेवढा वेळ दोन्ही गाणी एकमेकांशेजारून चालतात आणि समेवर भेटली की एकाने निरोप घ्यायचा. त्यात तिहाई टाकली तर सोन्याहून पिवळं. "तिट कत धा" हे तीन मात्रांचं बोल समेपासून तीनदा म्हणा, शेवटचा "धा" नवव्या मात्रेवर, म्हणजे केरव्याच्या पुढच्या समेवर पडतो. ऐकणाऱ्याला ताल कळो न कळो, काहीतरी संपलं आणि काहीतरी सुरू होतंय एवढं पक्कं कळतं. मी हे टेबलावर वाजवून दाखवलं तेव्हा चिरंजीवांनी "व्हॉट? अगेन!" असं म्हणून तीनदा वाजवून घेतलं. बारा वर्षांत प्रथमच माझा तबला कोणीतरी पुन्हा मागितला.

जुन्या रेकॉर्डिंगची आणखी एक गंमत. तेव्हा सगळे वादक एका खोलीत एकत्र बसून वाजवत, त्यामुळे लय केसभर मागेपुढे होते. कानाला ती गोडच वाटते, पण सॉफ्टवेअरची आखलेली जाळी दोन मिनिटांत घसरते. उपाय हातचा. मी प्रत्येक समेवर टाळी द्यायची, त्याने तिथे खूण करायची. तीन रविवार यात गेले.

दुसरा प्रश्न सुराचा. पूर्वी तबकडीचा वेग वाढवला की पट्टीही चढायची. टेक्निक्सच्या प्रसिद्ध टर्नटेबलवर वेग आठ टक्के वरखाली करता येतो, आणि साधारण सहा टक्क्यांना अर्धा स्वर चढतो. म्हणजे काळी चारचं गाणं थेट पांढरी सहात जाणार. आता कॉम्प्युटर वेग आणि पट्टी वेगवेगळी ठेवतो, तरी कोणत्या पट्टीशेजारी कोणती शोभेल हा प्रश्न उरतोच. डीजे लोक यासाठी घड्याळासारखं बारा घरांचं एक चक्र वापरतात. शेजारच्या घरात गेलं की कानाला खटकत नाही. ते चक्र नीट पाहिलं तर शेजारची दोन घरं बरोबर पंचमाच्या अंतरावर आहेत. आपला षड्ज-पंचम भाव! गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे नवं नाही, फक्त दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी दाखवलेलं नसतं.

याच वाटेने आम्हाला पहिला चांगला सांधा मिळाला. चिनी 'मो ली ह्वा' हे जाईजुईच्या जातीच्या फुलाचं लोकगीत त्याच्या एका मित्राच्या आजीचं आवडतं. पुच्चीनीने तुरांदोत या ऑपेरात (१९२६) वापरलेलं तेच. त्याचे स्वर पाचच: सा रे ग प ध. म्हणजे भूप! भूपातली एक भूपाळी त्याला लावली. दोन्हींचा षड्ज एक केला आणि ताल न लावता नुसती एकातून दुसरी उमलू दिली. माझी आई म्हणाली, "ही चिनी बाई भूप कुठं शिकली?"

आता कोणी म्हणेल, असली भेसळ करावीच कशाला? मला वाटतं आपण मराठी माणसांनी तरी हे विचारू नये. किर्लोस्करांच्या सौभद्रात (१८८२) रागदारीशेजारी साक्या, दिंड्या आणि लावणीच्या चाली सुखाने नांदतात. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) बोंगो आणि ट्रंपेट आणले आणि त्याच चित्रपटात अंगाईही दिली. त्यांचा सहायक होता गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, तरी 'झिंगाट' गावच्या वरातीचंच राहिलं.

सिंगापूरही यात मागे नाही. साठच्या दशकात इथे सकुरा तेंग आणि रिटा चाओ मँडरिन गाणी इलेक्ट्रिक गिटारवर गात होत्या. बालेस्टियरच्या जालान अम्पास स्टुडिओत पी. रामली मलय चित्रपटांना संगीत देत होते आणि दिग्दर्शकांत आपली मंडळी होती. १९५६ चा 'हांग तुआ' फणी मजुमदारांचा. पुढे १९८९ साली डिक लीने 'द मॅड चायनामन'मध्ये 'रासा सायांग' रॅपसकट सादर केलं. 'अलबेला'तून सकुराकडे, तिथून डिक लीकडे आणि मग 'झिंगाट', हा आमच्या मिक्सचा मधला तुकडा. तो जुळवताना फारसे कष्ट पडले नाहीत. वरातीला कोणाचीही ओळख लागत नाही :-)

खरा पेच पुढे होता. आई लहानपणी जात्यावर दळलेली बाई. तिला ओव्या येतात. चिरंजीवांनी एका दुपारी स्वयंपाकघरात फोनवर तिची ओवी रेकॉर्ड केली. लेक परगावी जातो आणि आई दळताना त्याची वाट मोजते, अशी. त्याला अर्धीच समजली. "जातं म्हणजे 'गोज' ना?" असं त्याने विचारलं, तेव्हा मला कागदावर दोन दगड आणि खुंटा काढून दाखवावा लागला. (ज्यांना ओव्या ऐकायच्या असतील त्यांच्यासाठी: हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'परी' हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या प्रसिद्ध करतंय.)

ओवीला तबला नसतो. त्याने खाली १२० चा ठोका टाकला. ऐकायला झकास वाटत होतं, मी मान डोलावली. मग आईच्या कानाला इयरफोन लावले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान केलंस रे. पण एवढ्या घाईनं जातं कोण ओढतंय? अशानं पीठ जाडंभरडं येईल."

तो काहीच बोलला नाही. रात्री बाराला त्याच्या खोलीतला दिवा चालू होता. दुसऱ्या दिवशी ठोका काढलेला होता, पण नुसता आवाज उघडा पडत होता. खाली दगडाची घरघर हवी होती आणि सिंगापुरात जातं कुठून आणणार? मार्ग त्याच्या मलय मित्राने काढला. त्याच्या आजीकडे 'बातू गिलिंग' आहे, म्हणजे चक्क आपला पाटा-वरवंटा. तिने त्यावर मिरच्या वाटताना केलेलं रेकॉर्डिंग त्याने पाठवलं. त्याचा वेग ओवीला जुळवला नाही. दगड त्याच्या गतीने, आई तिच्या गतीने. कुठे भेटतात, कुठे नाही. मिक्समधल्या सगळ्या सांध्यांत मला तो सर्वांत पटला, कारण तिथे कोणालाच कोणासाठी धावायला लावलेलं नाही.

ओवीच्या आधी पोवाडा आणि दिकिर बारात ठेवलं. दिकिरमध्ये एक जण गातो आणि बाकीचे रांगेत बसून टाळ्या देत उचलून धरतात, आपल्या झीलकऱ्यांसारखे. इथल्या शाळांत मुलं ते हौसेने करतात. आणि शेवट भैरवीने. मैफल संपवायची आपली रीत डीजेलाही लागू पडते. वर नेलेल्या माणसांना अलगद खाली आणून सोडायचं असतं.

मागच्या शनिवारी मिक्स वाजला. रूपकाच्या वेळी दोन बारकी पोरं बाहेर पळाली, बाकी कोणी हललं नाही. 'झिंगाट'ला आई बसल्या जागी टाळ्या देत होती. ओवीच्या वेळी मुलांनी नाचणं थांबवलं आणि जमिनीवर बसली. आदल्या रात्री चिरंजीवांनी ओवीचा अर्थ इंग्रजीत लिहून मित्रांना पाठवला होता, हे मला नंतर कळलं. मला विचारून विचारून जो अर्थ त्याने लिहिला त्यात 'वाट' या शब्दाला त्याने दोन अर्थ दिले होते, रस्ता आणि प्रतीक्षा.

कोणाला करून बघायचं असेल तर ऑडासिटीसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं सुरुवातीला पुरतात. घरगुती कार्यक्रमाला अडचण नाही, पण सार्वजनिक कार्यक्रमात गाणी वाजवायची तर कॉम्पासचं लायसन्स बघावं लागतं, आणि मिक्स नेटवर चढवणं हे आणखी वेगळं प्रकरण. आणखी एक सुचवतो. घरी कोणी ओव्या, आरत्या, अंगाई म्हणणारं आलं असेल तर परतीच्या विमानाआधी एक दुपार फोन समोर ठेवा. मिक्स नंतर कधीही होईल.

चिरंजीव येत्या गुरुवारी टेकोंगला जातील. पहिले सुमारे दोन आठवडे घरी सोडत नाहीत. आईने मुक्काम तेवढा वाढवलाय.

तुमच्याकडे अशी जोडलेली गाणी असतील तर जरूर कळवा. झपतालावर कोणाकडे याहून सोपा उपाय असल्यास जाणकारांनी प्रकाश टाकावा. चू.भू.दे.घे.

लोभ आहेच, तो वाढावा.