बारावीचे गुण : कसोटी नव्हे, केवळ उंबरठा

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यातील घराघरांत पेढे वाटले जातात. मात्र त्या गुणपत्रिकेच्या बळावर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणाचे दार आता उघडत नाही, ही गोष्ट अनेक पालकांच्या ध्यानी फार उशिरा येते.

राज्य शासनाच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेश २०१७ पासून 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण असले की पात्रता पूर्ण होते. त्यापुढे ६० असोत वा ९५, गुणवत्ता यादीतील क्रमांकात फरक पडत नाही. आयआयटीसाठीही बारावीचे ७५ टक्के हा पात्रतेचा निकष आहे. क्रमांक ठरतो तो जेईई परीक्षेतच. केंद्रीय विद्यापीठांनी २०२२ पासून पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षेचाच मार्ग धरला.

या बदलामागे सबळ कारण आहे. निरनिराळ्या मंडळांचे गुण एकाच तराजूत तोलता येत नाहीत आणि परीक्षा केंद्रांवरील कॉपीचा प्रश्नही जुनाच आहे. तथापि एक अन्याय दूर करताना दुसरा उभा राहिला. अभ्यासाचे केंद्र वर्गातून शिकवणी वर्गात सरकले. अकोला शहर तर अशा वर्गांसाठीच ओळखले जाऊ लागले असून बुलढाणा व वाशीम जिल्ह्यांतील मुले तेथे खोली घेऊन राहतात. शुल्क, खोलीभाडे, खानावळ आणि अनेकदा पुनर्परीक्षेचे एक वर्ष हा भार कापूस-सोयाबीनवर जगणारे कुटुंब कसा सोसणार? धारणी-चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्याला तर हा मार्ग दुरूनच पाहावा लागतो.

वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले. त्यामुळे अकोल्याचे २००२ मधील आणि अमरावतीचे २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ असले, तरी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला तेथील राज्य कोट्याच्या जागेसाठी लातूर-पुण्याच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा करावी लागते. मुंबई-पुण्याच्या जागा त्यालाही खुल्या झाल्या, हे खरे. पण तयारी समान नसेल तर खुलेपणाचा लाभही समान होत नाही.

तामिळनाडूने २०२० मध्ये शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय जागांत ७.५ टक्के राखीव वाटा ठेवला. परीक्षा कायम ठेवूनही न्यायाचा विचार करता येतो, हे त्यातून दिसते. महाराष्ट्रानेही या दिशेने विचार करावयास हवा.

तोवर आपल्या हाती काय आहे? राज्याच्या सीईटी परीक्षेत अभियांत्रिकीसाठी सुमारे ८० टक्के भर बारावीच्या व २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. म्हणजे वर्गात नीट शिकलेले वाया जात नाही. कोणत्या प्रवेशाला काय मोजले जाते, हे पालकांनी दहावीनंतरच समजून घ्यावे. आपल्या शाळांनी व धर्मग्रामांनी सायंकाळी अभ्यासिका उघडावी आणि महाविद्यालयीन तरुणांनी तेथे धाकट्यांना शिकवावे. ज्या घरी शिकवणीचे शुल्क भरणे शक्य नाही, त्या घरच्या मुलासाठी एवढा आधारही मोलाचा ठरेल.