पावातलं यीस्ट आणि तुमच्या गजकर्णाची ट्यूब

परवा सिल्व्हर पार्कमधले एक गृहस्थ दवाखान्यात आले. जांघेत सहा महिन्यांपासून गजकर्ण, आता पोटापर्यंत पसरलेलं. पिशवीत चार अर्धवट पिळलेल्या ट्यूब. वैतागून म्हणाले, "डॉक्टर, माणूस चंद्रावर गेला, आणि या खाजेवर एक धड औषध नाही?"

प्रश्न रास्त आहे. बॅक्टेरियावर डझनावारी औषधं आहेत, मग बुरशीवर इतकी कमी का?

कारण बुरशी आपली जवळची नातेवाईक आहे. बॅक्टेरियाची पेशी आपल्यापेक्षा फार वेगळी. पेनिसिलिन त्याची भिंत पाडतं, आपल्याला भिंतच नाही, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक आणि बरीचशी आपल्यासारखीच यंत्रणा. तिला मारायला जावं तर आपल्यालाच इजा व्हायची. म्हणून टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, काळ्या बुरशीच्या वेळी 2021 मध्ये ज्याच्यासाठी नातेवाईक वणवण फिरले ते अँफोटेरिसिन, ही सगळी औषधं एकाच पदार्थाभोवती फिरतात: बुरशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिनही त्याच जातीचं.

नवीन जागा शोधायची कुठे? इथे पावातलं यीस्ट कामाला आलं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिची सुमारे 6000 जनुकं 1996 मध्ये पूर्ण वाचून झाली. एकेक जनुक काढून, वाढवून बघता येतं.

यीस्टच्या पेशीवर बाहेरून अनेक प्रथिनं टांगलेली असतात. खुंटीला शर्ट टांगावा तशी. ही खुंटी साखर आणि स्निग्ध पदार्थ जोडून बनते. तिला जीपीआय अँकर म्हणतात. ती बनवायला बरीच जनुकं लागतात. त्यातलं एक जीडब्ल्यूटी-१. जपानच्या एसाई कंपनीतल्या संशोधकांनी ते 2003 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यांची पद्धत मला फार आवडते. भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या प्रथिनाला त्यांनी खूण म्हणून एक एन्झाइम जोडलं. मग एकेक रसायन यीस्टवर टाकून बघितलं. ज्या रसायनाने ते एन्झाइम भिंतीवर न राहता भोवतालच्या पाण्यात आलं, त्याने टांगणीचं काम बिघडवलं असणार. मग उलट तपास: कोणतं जनुक जास्त प्रमाणात दिलं की यीस्ट त्या रसायनाला दाद देत नाही? उत्तर आलं जीडब्ल्यूटी-१.

आता तुम्ही विचाराल, ही खुंटी आपल्यातही असेल ना? आहे. दीडशेच्या आसपास मानवी प्रथिनं अशीच टांगलेली आहेत. ती तुटली तर काय होतं तेही माहीत आहे: पीएनएच नावाच्या दुर्मिळ आजारात काही रक्तपेशींवर ही खुंटी बनत नाही, संरक्षक प्रथिनं गळतात, आपलीच प्रतिकारशक्ती लाल पेशी फोडते आणि सकाळची लघवी कोकाकोलासारखी होते. सदोष जनुक जपानमध्येच 1993 साली सापडलं; त्याचाही जोडीदार यीस्टमध्ये आहे. पण नशिबाने जीडब्ल्यूटी-१ चं मानवी रूप पुरेसं वेगळं आहे. त्या रसायनापासून पुढे घडवलेलं औषध बुरशीची खुंटी तोडतं, आपली नाही. त्याचं नाव फॉसमॅनोजेपिक्स. कॅन्डिडा ऑरिससारख्या आयसीयूतल्या हट्टी बुरशीवरही त्याचा परिणाम दिसतो, आणि ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. सगळ्या बुरशींवर मात्र ते चालत नाही. कॅन्डिडा क्रुसी त्याला जुमानत नाही.

जनुकापासून इथवर यायला वीसहून जास्त वर्षं लागली. म्हणून "करदात्यांचा पैसा यीस्टवर कशाला?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खुंटी कशी बनते हे कुणी निव्वळ कुतूहलापोटी शोधलं नसतं, तर तोडायचं काय हेच कळलं नसतं.

हे औषध तुमच्या गजकर्णासाठी नाही, हे स्पष्ट सांगतो. ते रक्तात आणि फुफ्फुसात शिरलेल्या बुरशीसाठी घडवलं जातंय. गजकर्णाला तीच जुनी, एर्गोस्टेरॉलवाली औषधं आहेत, आणि ती आपण उधळतोय. टर्बिनाफिनला न जुमानणारी गजकर्णाची जी बुरशी आज जगभर पसरतेय, तिच्या नावातच भारत आहे: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

लोकलच्या गर्दीत घाम, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, आणि खाज सुटली की मेडिकलमधून "ती तीन-चार औषधांची मिक्स ट्यूब". त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, तुम्ही थांबता, बुरशी आत वाढत राहते. 2018 पासून अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या गृहस्थांच्या चारपैकी तीन ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं. आता त्यांना काही आठवडे गोळ्या आहेत, घरातल्या सगळ्यांची तपासणी आहे, टॉवेल वेगळे आहेत. तुम्ही याल तेव्हा घरातल्या ट्यूब फेकून येऊ नका. सोबत आणा, रिकाम्या असल्या तरी.